बडोद्यात मास्टर्स-पीएचडीला येताय? रूम, भाडं आणि महिन्याच्या खर्चाचे नेहमीचे प्रश्न

ॲडमिशनच्या लिस्टा लागायला लागल्या की जळगाव, धुळे, नाशिक, कोल्हापूर, इंदूर असे सगळीकडून मेसेज येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. भाड्याचे आकडे साधारण अंदाज म्हणूनच घ्या, गल्ली बदलली की आकडा बदलतो. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती येणारच आहे: बडोद्यात नुसता महिन्याच्या भाड्याचा आकडा बघून रूम ठरवू नका, अकरा महिन्यांचा हिशोब मांडा (भाडेकरार तेवढ्याचाच असतो, बघा प्रश्न ८) आणि त्यात पावसाळा धरा.

१. हॉस्टेल मिळेल का, की आधीच बाहेर रूम बघू?

हॉस्टेलचा फॉर्म भराच, मिळेल की नाही याचा विचार नंतर. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (इथे सगळे एमएसयू म्हणतात) हॉस्टेलं म्हणजे ते 'हॉल', आणि त्यांची प्रवेशप्रक्रिया ॲडमिशनपेक्षा वेगळी असते, म्हणजे कोर्सची फी भरली म्हणून हॉलमध्ये आपोआप खोली मिळत नाही. बाहेरच्या कुठल्याही रूमपेक्षा हॉल स्वस्त पडतो, पण फी महिन्याची नसते, एकदम भरायची असते आणि मेसचे पैसे वेगळे, तेवढी तयारी ठेवा. यादी लागेपर्यंत लेक्चर्स सुरू झालेली असतात, त्यामुळे मधले दिवस कुठे काढायचे ते प्रश्न ३ मध्ये बघा. फेलोशिपवाल्यांनी हॉल घेण्याआधी प्रश्न १५ वाचा.

२. कुठल्या एरियात बघू? सगळे फतेगंज फतेगंज म्हणतात.

आधी तुमची फॅकल्टी कुठेय ते बघा, कारण एमएसयू एका कंपाउंडमध्ये नाही, शहरभर पसरलीय. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स स्टेशनजवळ, तिथल्यांना सयाजीगंज, प्रतापगंज, फतेगंज चालत जाण्यासारखं, आणि जरा स्वस्त हवं तर पुढे निझामपुरा. टेक्नॉलॉजीवाल्यांचं कॉलेज मात्र कलाभवनला, म्हणजे दांडिया बाजारच्या बाजूला, १८९० साली सयाजीरावांनी सुरू केलेलं तेच, आणि परफॉर्मिंग आर्ट्स सुरसागरसमोर. या दोन्हींसाठी फतेगंजला रूम घेऊन रोज गावातल्या ट्रॅफिकमधून जायची काहीच गरज नाही, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा बघा. इथे अजून जुनी मराठी घरं आहेत, वरची खोली भाड्याने देणारे काका-काकू आहेत, पोहे-साबुदाण्याचा वास येतो, आणि भाडं कमी असतं. उणीव एवढीच की पार्किंग नाही, जिने अरुंद, आणि काही घरांत बाथरूम कॉमन.

मेडिकलवाल्यांना एसएसजी हॉस्पिटलजवळ रावपुरा किंवा कारेलीबाग. गतिशक्ती विद्यापीठ लालबागला आहे, त्यांना मांजलपूर बरं पडतं. पारुल युनिव्हर्सिटी लिमड्याला, वाघोडियाच्या वाटेवर, तिथले लोक एकतर तिथेच राहतात नाहीतर वाघोडिया रोडला. सेंट्रल युनिव्हर्सिटीचं कॅम्पस डभोई तालुक्यात कुंढेळ्याला आहे, त्यांनी शहरात रूम घेण्याआधी जायच्या-यायच्या बसच्या वेळा बघाव्यात.

गोत्री, वासणा, भायली ही बाजू नवी, फ्लॅट मोठे आणि चकाचक, पण रेल्वेलाइनच्या पलीकडे. मधलं अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालून जाणारा रस्ता) जोरदार पावसात भरतं, बंद होतं, आणि मग सगळं शहर उरलेल्या पुलांवर येतं. शिवाय हजार रुपये भाडं कमी मिळालं तरी रोज रिक्षाला साठ रुपये गेले तर सव्वीस दिवसांचे १,५६० झाले, म्हणजे उलट तोटाच.

३. घरी बसल्या ऑनलाइन रूम बुक करून टाकू का? फोटो तर मस्त आहेत.

नको. फोटोत ओल दिसत नाही, पाण्याची टाकी कधी भरते ते दिसत नाही, खालच्या मजल्यावर वेल्डिंगचं दुकान आहे ते दिसत नाही. आधी आठ-दहा दिवसांसाठी तात्पुरती सोय करा: ओळखीचं घर, स्टेशनजवळची साधी लॉज, नाहीतर आठवड्याच्या हिशोबाने ठेवणारा पीजी. आणि त्या दिवसांत चालत फिरा. बडोद्यात खूप रूम्स ऑनलाइन येतच नाहीत, गेटवर 'रूम भाडे आपवानी छे' अशी पाटी असते किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला माहीत असतं. दुपारी चारनंतर फिरा, त्याआधी इथे दुपारची झोप असते आणि बेल वाजवलेली लोकांना आवडत नाही.

'मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर झालंय, घर रिकामं आहे, टोकन पाठवा मग चावी मिळेल' असा फोन आला तर तो फ्रॉडच. पैसे तुम्हाला मिळणार असं सांगून क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात, आणि स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

४. पीजी, रूम-रसोडं, टेनामेंट, फ्लॅट... यात फरक काय?

पीजी म्हणजे पलंग, कपाट, बहुतेक ठिकाणी जेवण आणि वेळेचं बंधन. रूम-रसोडं म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आपल्याकडचं वन आरके. टेनामेंट हा इथला खास प्रकार, सोसायटीतलं बैठं किंवा एकमजली घर, पुढे छोटंसं अंगण, मालक खाली आणि भाडेकरू वर, किंवा उलटं. फ्लॅट म्हणजे फ्लॅट. पहिल्या वर्षी कुणालाच ओळखत नसाल तर सहा महिने पीजी आणि मग मित्र जमले की फ्लॅट, हा क्रम मला सगळ्यात बरा वाटतो, फक्त पीजीत सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका.

५. भाडं सध्या किती चाललंय?

साधारण सांगायचं तर शेअरिंग पीजी जेवणासकट सहा ते नऊ हजार, रूम-रसोडं पाच ते आठ हजार, टू बीएचके बारा ते वीस हजार. अलकापुरी आणि रेसकोर्सला यापेक्षा जास्त. जुन्या गावात यापेक्षा कमीतही मिळतं. भाडं सांगितल्यावर पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: 'मेन्टेनन्स आत की बाहेर?' सोसायटीचा मेन्टेनन्स काही मालक भाड्यात धरतात, काही वेगळा घेतात, आणि हजार-दीड हजारांचा फरक तिथेच पडतो.

६. डिपॉझिट किती द्यायचं आणि ते परत मिळतं का?

इथे बहुतेक एक ते दोन महिन्यांचं भाडं मागतात, मुंबई-बंगलोरसारखं सहा-दहा महिन्यांचं मागत नाहीत. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना कायदा आहे, राज्याने घेतल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळे त्याचं नाव घेऊन मालकाशी भांडू नका, बोलून कमी करा.

परत मिळण्याचं म्हणाल तर ते आत जायच्या दिवशी ठरतं, बाहेर पडायच्या दिवशी नाही. सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. नुसता हॉल आणि किचन असा फिरवून नाही. प्रत्येक नळ उघडून दाखवा, गीझर चालू करून दिवा लागतो का ते दाखवा, पंख्याचा रेग्युलेटर एक ते पाच फिरवा, खिडकीच्या जाळीला भोक असेल तर त्यात बोट घालून दाखवा, भिंतीला आधीचे खिळे किती आहेत ते मोजत बोला, बेसिनच्या खालचा पाइप गळतो का बघा, आणि मीटरचं रीडिंग स्पष्ट दिसेल असं घ्या. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत 'काका, आजची घराची स्थिती पाठवली आहे' एवढंच लिहा. निळी टिक आली की झालं. वर्षभराने रंगकामाचे पाच हजार कापतो म्हणाले तर हाच व्हिडिओ उपयोगी पडतो.

डिपॉझिट कॅशमध्ये दिलं तर पावती घ्या, शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि नोटमध्ये 'डिपॉझिट' लिहा. आणि करारात परत देण्याची मुदत दिवसांत लिहून घ्या, 'नंतर देऊ' ला काही अर्थ नाही.

७. दलालाला किती?

बहुतेक एका महिन्याचं भाडं, घासाघीस केली तर अर्धं. करारावर सह्या झाल्यावरच द्या. नुसतं घर दाखवायचे पैसे मागत असेल तर दुसरा बघा.

८. करार ११ महिन्यांचाच का असतो, आणि तो खरंच लागतो का?

१९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, ते टाळायला ११ महिने. यात बेकायदेशीर काही नाही. करार लागतोच, कारण बँकेत पत्ता बदलायला, गॅससाठी, पोलिसांकडे आणि फेलोशिपच्या एचआरएला (घरभाडं भत्ता) तोच कागद लागतो. गुजरातमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरपासून कागदी स्टॅम्पपेपर बंद झालेत, आता ई-स्टॅम्प निघतो, तेव्हा कुणी जुना स्टॅम्पपेपर काढून देतो म्हणाला तर घेऊ नका.

करार बऱ्याचदा गुजरातीत असतो. सही करायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि या गोष्टी शोधा: नोटीस पिरियड किती, तो दोन्ही बाजूंना सारखा आहे का, लॉक-इन आहे का (म्हणजे अमुक महिन्यांआधी सोडलं तर डिपॉझिट जाणार), आणि अकरा महिन्यांनी भाडं किती टक्के वाढणार. विद्यार्थ्यांसाठी लॉक-इन सगळ्यात वाईट, कारण मधेच हॉल मिळू शकतो. तेवढी एक ओळ काढून घ्यायचा आग्रह धरा.

९. पोलीस व्हेरिफिकेशन कोण करणार?

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही मालकाची जबाबदारी, गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ऑनलाइन होतं. पण वयस्कर मालकांना ते जमत नाही, तर तुम्हीच बसून भरून द्या, त्यांनाही बरं वाटतं आणि तुमच्याकडे कॉपी राहते. आधार देताना मास्क्ड आधार (सुरुवातीचे आकडे झाकलेलं) दिलं तरी चालतं.

१०. 'वेज छो ने?' असं पहिल्याच वाक्यात विचारतात. अंडं पण चालत नाही का?

बऱ्याच सोसायट्यांत नाही चालत, आणि हे आधी स्पष्ट बोलून घेतलेलं बरं. 'बाहेर खातो, घरात बनवत नाही' हे बहुतेकांना चालतं. काही जैन मालकांना कांदा-लसूणही नको असतो, पण ते ते स्वतःच सांगतात. फतेगंज, निझामपुऱ्याच्या काही भागांत आणि जिथे बाहेरचे विद्यार्थी जास्त आहेत तिथे एवढी चौकशी होत नाही. खोटं बोलून घर घेऊ नका, कचऱ्याच्या डब्यात अंड्याचं टरफल दिसलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला माहीत होतं.

आडनाव विचारतात, जात विचारतात, मुलींना तर मित्र येणार का, रात्री किती वाजता परत येणार असं सगळं विचारतात. हे चुकीचंच आहे आणि त्याची सवय करून घ्यायची गरज नाही. पण ॲडमिशनच्या धावपळीत एका मालकाशी वाद घालत बसण्यापेक्षा पुढचं दार वाजवा, चांगले मालक भरपूर आहेत. मुलींनी वेळेचा नियम करारात लिहायला सांगा, लायब्ररीतून नऊला निघून साडेनऊला पोचणाऱ्या मुलीला दारात उभं करणारे पीजी मला माहीत आहेत आणि तिथे कुणीही जाऊ नये असंच मी सांगतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की गुजरातमध्ये दारूबंदी आहे. रूमवर बाटली सापडली तर केस होते, आणि करार ज्याच्या नावावर आहे त्याला आधी बोलावतात.

११. ग्राउंड फ्लोअर दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळतोय, घेऊ का?

विश्वामित्री नदी कुठेय ते बघून ठरवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीची पातळी २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या खूप वर गेली, साधारण ३७ फुटांपर्यंत, आणि फतेगंज, समा, अकोटा, कारेलीबाग, मुजमहुडा अशा भागांत तळमजल्याची घरं दिवसेंदिवस पाण्यात होती. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडून शहर बुडालं होतं. नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांत येतात, ही अफवा नाही, वनखात्याचे लोक दरवर्षी पकडून नेतात. वरती आजव्याच्या धरणातून पाणी सोडलं की खाली शहरात पाऊस थांबलेला असतानाही पाणी चढतं, त्यामुळे 'आता ऊन पडलंय' म्हणून निर्धास्त राहायचं नसतं.

घर बघायला गेलात की मालकाला 'पाणी येतं का?' असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. 'चोवीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं?' असं विचारा, आणि मालकाला विचारून झालं की शेजारच्या घरी, नाहीतर समोरच्या दुकानात परत विचारा. मग स्वतः बघा. खालच्या दोन-तीन फुटांचा रंग वरच्यापेक्षा नवा किंवा वेगळा आहे का, दाराच्या चौकटीचं लाकूड खालून फुगलंय का, प्लायवूडची कपाटं खालून सुटलीत का, भिंतीवर पांढरी खार आलीय का. स्विचबोर्ड कमरेच्या वर नव्याने चढवलेले दिसले तर समजा की घरवाल्यांनी एकदा भोगलंय. मीटर कुठे आहेत तेही बघा, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये खाली लावलेले असतील तर पूर आला की चौथ्या मजल्यावरचीही लाइट जाते आणि लाइट गेली की मोटर नाही, मोटर नाही की पाणी नाही.

नदीपासून लांब, उंचावरचा तळमजला असेल, शेजाऱ्यांनी 'पायरीलाही लागलं नाही' सांगितलं, तर खुशाल घ्या. नाहीतर पहिला मजला, थोडे पैसे जास्त गेले तरी. लॅपटॉप, मार्कशीट, गादी आणि गाडीचं इंजिन यांचा हिशोब केला की दोन हजारांची बचत कुठल्या कुठे जाते. आणि कुठेही राहा, ओरिजिनल सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात.

१२. लाइट बिल कसं येतं? मालक युनिटला दहा रुपये मागतोय.

एमजीव्हीसीएलचं (इथली वीज कंपनी) घरगुती बिल साधारण दोन महिन्यांचं येतं. नवीन मुलांचं बजेट इथेच कोसळतं, एक महिना काहीच भरावं लागत नाही आणि मग एप्रिल-मेचं एकदम येतं, त्यात कूलर किंवा एसी चाललेला असतो. दर महिन्याला अंदाजे रक्कम बाजूला काढा.

वेगळं मीटर असेल तर बिलाप्रमाणे भरा. सबमीटर असेल तर मालक ठरवून दर लावतो, मग त्याला सांगा की मेन बिल दाखवा आणि त्यातून जो सरासरी दर निघतो तो घ्या. बरेच जण मानतात. आधीच्या भाडेकरूचं बिल थकलेलं नाही ना हे आत जाण्याआधी बघाच, नाहीतर ते तुमच्या गळ्यात येतं.

१३. गॅसचं काय?

बऱ्याच सोसायट्यांत वडोदरा गॅसची पाइपलाइन आहे, मग प्रश्नच नाही, फक्त बिल कुणी भरायचं ते ठरवा. नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या, नुसतं ओळखपत्र दाखवून मिळतो, इथला पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडक्शन घेणार असाल तर आधी मालकाला विचारा, जुन्या घरांचं वायरिंग झेपत नाही.

१४. एकूण महिन्याला किती लागतात? खरा आकडा सांगा.

एक उदाहरण मांडतो, तुमचे आकडे घालून बघा. निझामपुऱ्यात टू बीएचके, भाडं १२,००० आणि तिघं जण धरा. भाडं प्रत्येकी ४,०००, मेन्टेनन्स हजाराचा तिसरा हिस्सा ३३५, लाइट महिन्याला ४००, वायफाय २००. दोन वेळचा टिफिन ३,०००, चहा-नाश्ता १,२००, जाणंयेणं ६००, रिचार्ज ३००, झेरॉक्स-प्रिंट ४००, साबण-औषध-इस्त्री वगैरे ७००. झाले ११,१३५.

आता सुरुवातीचा खर्च बघा, जो कुणी धरत नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे प्रत्येकी ८,०००, दलाली ४,०००, गादी-बादली-टेबल-भांडी ५,०००, कराराचा हिस्सा ५००. म्हणजे पहिल्या महिन्यात हातात २८,६०० च्या वर पाहिजेत. डिपॉझिट परत येईल, पण बाकीचे ९,५०० गेले ते गेले, ते अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला ८६० पडतात, म्हणून खरा खर्च बारा हजार. वर घरी जायची तिकिटं, परीक्षा फी, आणि नवरात्र. नवरात्रीत बडोद्यात गरब्याला न जाता राहणं कुणाला जमत नाही आणि पास, चनिया-चोळी किंवा केडियूचं (मुलांचा गरब्याचा अंगरखा) भाडं, रात्रीचं खाणं हे सगळं धरून दोन-तीन हजार त्या महिन्यात जातातच, ते आधीच बाजूला ठेवा.

हा खर्च जास्त वाटत असेल तर कापायची जागा भाडं नाही, चहा-नाश्ता आहे. रोजची सेव-उसळ आणि दोनदा बाहेरचा चहा लिहून ठेवा, महिनाअखेर बेरीज करा.

१५. फेलोशिप मिळाली, मग टेन्शन नाही ना? आणि एचआरए?

रक्कम चांगली आहे, पण येते उशिरा. यूजीसी-नेटच्या जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (सिनिअर) ४२,००० आहेत. गुजरात सरकारच्या शोध योजनेत पूर्णवेळ पीएचडीवाल्यांना महिन्याला १५,००० आणि वर्षाला वरखर्चासाठी २०,००० मिळतात, दोन वर्षांपर्यंत. गेट परीक्षेवर एम.टेक. करणाऱ्यांना १२,४०० चा स्टायपेंड. पण जॉइनिंग रिपोर्ट, गाइडची सही, विद्यापीठाचं व्हेरिफिकेशन, मग पोर्टल, असं करत पहिला हप्ता यायला महिने जातात, नंतर मागचे सगळे एकदम येतात. तोपर्यंत चार-पाच महिन्यांचा खर्च घरून किंवा बचतीतून निघेल अशी सोय करा आणि भाडं फेलोशिपच्या भरवशावर ठरवू नका. एकदम दीड लाख आले की ते चार महिन्यांचा पगार आहेत हे लक्षात ठेवा, पहिल्यांदा उधारी फेडा.

जेआरएफला एचआरए मिळतो, सरकारी नियमात बडोदा 'वाय' वर्गाचं शहर आहे त्या दराने. पण विद्यापीठाने हॉस्टेल दिलं तर एचआरए नाही. म्हणून जेआरएफवाल्यांनी हॉलची फी आणि एचआरए दोन्ही समोर ठेवून हिशोब करावा, काही वेळा बाहेर राहणं परवडतं. बाहेर राहिलात तर करारावर तुमचं नाव हवं. तिघांच्या फ्लॅटमध्ये करार एकाच्याच नावावर असतो आणि मग बाकी दोघं अडकतात, तेव्हा सुरुवातीलाच तिघांची नावं आणि सह्या घाला.

१६. टिफिन लावू की स्वतः बनवू?

महिनाभर टिफिन लावा, पण महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी दोन दिवस ट्रायल घ्या. डाळीत गूळ असतो, त्याची काहींना सवय होते, काहींना नाही. दांडिया बाजार, कारेलीबागकडे मराठी चवीचे डबे देणाऱ्या काकू मिळतात, विचारत राहा. सुट्टी घेतली तर पैसे वळते होतात का, किती आधी सांगायचं, हे ठरवून घ्या. दिवाळी ते लाभपाचम (दिवाळीनंतरची पंचमी) टिफिन, मेस, किराणा सगळं बंद असतं, त्या दिवसांत इथे राहणार असाल तर डाळ-तांदूळ भरून ठेवा. १४-१५ जानेवारीला उत्तरायणातही तसंच, सगळे गच्चीवर असतात.

१७. मी भरूचला राहतो, अपडाउन करू का? आणंदची मैत्रीणही विचारतेय.

थिअरीचा कोर्स असेल तर जरूर, आणंद तर जवळच आहे आणि भरूचही रोजचं करणारे हजारो आहेत. स्टेशनपासून सायन्स, आर्ट्स चालत. सीझन पासला विद्यार्थी सवलत असते, कॉलेजचं सर्टिफिकेट लागतं. सुपरफास्टला पासवर वेगळा चार्ज पडतो आणि रिझर्व्ह डब्यात चढलात तर दंड. लॅब असेल, रात्री उशिरापर्यंत थांबावं लागत असेल तर निदान दुसऱ्या सेमिस्टरपासून रूम घ्या, रोजचे तीन-चार तास जातात ते परत मिळत नाहीत.

१८. पीजीवाला भाड्यावर जीएसटी लावतोय. बरोबर आहे?

जुलै २०२४ पासून नियम असा आहे की राहण्याचे पैसे माणशी महिन्याला २०,००० पर्यंत असतील आणि सलग किमान ९० दिवस राहायचं असेल तर त्यावर जीएसटी नाही. म्हणजे बहुतेक विद्यार्थ्यांना लागतच नाही. एका महिन्यासाठी राहत असाल तर ही सूट मिळत नाही. लावलाच असेल तर जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागा, बऱ्याचदा बिल मागितलं की आकडा कमी होतो.

१९. रूममेट मधेच सोडून गेला, त्याचा हिस्सा कोण भरणार?

करार सगळ्यांच्या नावावर असेल तर मालक पूर्ण भाडं उरलेल्यांकडूनच मागणार, आणि त्याचं तसं मागणं बरोबर आहे. म्हणून आपसात एका कागदावर लिहून ठेवा: जाणाऱ्याने एक महिना आधी सांगायचं आणि बदली माणूस आणायचा, नाहीतर त्याच्या डिपॉझिटच्या हिश्शातून भाडं जाणार. मित्र असले तरी लिहा, मित्र असतील तर जास्तच. नवीन माणूस आला की प्रश्न ९ प्रमाणे त्याचीही माहिती पोलिसांना द्यायची.

२०. मालक अमेरिकेत आहे, त्याचा भाचा घर दाखवतो. चालेल?

बडोद्यात हे खूप आहे, निम्म्या सोसायटीची मुलं बाहेर. घर चांगलं असतं, कटकट कमी असते, पण तीन गोष्टी बघा. भाच्याकडे मालकाची पॉवर ऑफ ॲटर्नी आहे का, नसेल तर त्याच्या सहीला अर्थ नाही. डिपॉझिट कुणाच्या खात्यात जातंय, करारात ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जायला हवं. आणि तिसरी गोष्ट जी कुणी सांगत नाही: मालक एनआरआय असेल तर भाडं देताना टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, आणि देशातल्या मालकांच्या भाड्याला जशी ठराविक रकमेपर्यंत सूट असते तशी इथे नाही. विद्यार्थ्याला हे झेपणारं नाही. तेव्हा सही करायच्या आधी भाच्याला विचारा की मालकाच्या सीएने याचं काय केलंय, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं घर बघा.